औषधाच्या दुकानात घासाघीस का होत नाही?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात माझ्या कामाविषयी मुलाखत छापून आली. औषधांच्या किमती कशा ठरतात आणि त्या कुणाच्या खिशातून जातात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यात मी म्हटलं होतं की औषधाची किंमत दुकानात ठरत नाही, ती आधीच दुसरीकडे ठरून आलेली असते, आणि ती ठरवताना पेशंट तिथे हजर नसतो. या एका वाक्यावरून इतकी पत्रं आली की संपादकांनी मलाच उत्तरं द्यायला बसवलं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच नाव घातलेलं नाही. फक्त गाव किंवा वस्ती दिली आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. माझ्या गोळ्यांतला घटक आणि जनऔषधी केंद्रातल्या गोळ्यांतला घटक एकच आहे, पण तिथे पैसे निम्म्याहून कमी लागतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘घ्या, पण त्यात दम नसतो.’ खरं काय समजायचं? (डोंबिवली)

काका, आधी एक करा. घरातली स्ट्रिप हातात घ्या आणि चष्मा लावून मागची बारीक छपाई वाचा. मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं. त्याच्या खाली घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम. आणखी खाली गेलात तर बहुतेक वेळा दोन पत्ते सापडतील, एक ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि एक ‘मार्केटेड बाय’. पहिला पत्ता पुष्कळदा हिमाचलमधल्या बद्दीचा नाहीतर सिक्कीमचा किंवा उत्तराखंडचा निघतो, आणि दुसरा आपल्या अंधेरीचा किंवा गोरेगावचा. म्हणजे गोळी बनवणारा एक आणि नाव लावणारा दुसरा. बनवणारा तो कारखाना एकाच वेळी चार कंपन्यांसाठी गोळ्या काढत असू शकतो. तुमच्या महागड्या ब्रँडला वेगळं पाणी घातलेलं नसतं.

मग पैसे कशाचे? माझे वडील प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारात एका स्टॉकिस्टकडे, म्हणजे औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, ऑर्डर घ्यायच्या कामावर होते. जेवताना त्यांच्या तोंडी ‘स्कीम’ हा शब्द भाजी-आमटीइतकाच असायचा. दहावर एक, दहावर दोन, दिवाळीला त्याहून जास्त. दहा डबे घेतले की दोन फुकट. या फुकट डब्यांचा, डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या म्हणजे एमआरच्या पगाराचा, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनस्टँडचा आणि परिषदांच्या जेवणावळींचा खर्च स्ट्रिपवरच्या आकड्यात असतो. जनऔषधीच्या गोळीत तो नसतो. सरकारी संस्था घाऊक टेंडर काढून गोळ्या घेते, एमआर फिरत नाही, जाहिरात जवळपास नसते. स्वस्ताईचं कारण मुख्यतः एवढंच आहे.

आता ‘दम’. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण डॉक्टरांची शंका सगळीच हवेतली नाही. दोन कंपन्यांच्या गोळ्यांत घटक सारखा असला तरी तो पोटात किती वेळात विरघळतो आणि रक्तात किती उतरतो ते सारखं असेलच असं नाही. ते सारखं आहे हे माणसांवर चाचणी करून दाखवावं लागतं. आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या दोन गटांसाठी ही चाचणी 2017 साली नियमात आली. त्याआधी परवाने मिळालेल्या गोळ्यांचा मागचा साठा मोठा आहे. पण गंमत अशी की ही उणीव स्वस्त गोळीला जितकी लागू, तितकीच महागड्या ब्रँडेड गोळीलाही लागू. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करते. ती मी नियमाने वाचते. तिच्यात कुणीही न ऐकलेल्या कंपन्या असतात, तशा टीव्हीवर जाहिराती करणाऱ्याही असतात. किंमत ही दर्जाची खूण असती तर माझं काम फार सोपं झालं असतं.

जनऔषधीच्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात पाठवायची पद्धत आहे. माझी तक्रार दर्जाविषयी कमी आणि पुरवठ्याविषयी जास्त आहे. या महिन्यात गोळी मिळते आणि पुढच्या महिन्यात ‘माल आला नाही’ ऐकावं लागतं. मग माणूस वैतागून जुन्या केमिस्टकडे जातो तो परत येत नाही.

तुमच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना सांगून बदला, महिनाभर घरी प्रेशर लिहून ठेवा, साखर तपासा. आकडे जागेवर राहिले तर ‘दम’ आहे. मात्र फिट्सची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, अवयवरोपणानंतरच्या गोळ्या या बाबतीत कंपनी मनाने बदलू नका. तिथे थोडासा फरकही महागात पडतो. एक कंपनी धरा आणि तिच्याशीच राहा, मग ती स्वस्त असो की महाग.

माझं लालबागला केमिस्टचं दुकान आहे. मॅडम, तुमची मुलाखत वाचून गिऱ्हाईक मला येऊन विचारतं, ‘तुम्हाला किती सुटतात?’ लोकांना वाटतं आम्हीच लुटतो. (लालबाग)

तुम्हाला त्रास झाला हे दिसतंय, पण प्रश्न विचारला जातोय याचा मला आनंदच आहे.

ज्या औषधांची किंमत सरकारने बांधली आहे त्यांत केमिस्टला 16 टक्के धरलेले आहेत. बाकीच्या ब्रँडेड औषधांत रिवाजाने साधारण 20 टक्के केमिस्टला आणि 10 टक्के स्टॉकिस्टला सुटतात. त्यातून दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, फ्रिजची वीज, एक्सपायरीचा माल परत पाठवायची कटकट, आणि शेजारच्या ऑनलाइनवाल्याशी टक्कर म्हणून गिऱ्हाइकाला दिलेली सूट. यात कुणी माडी बांधत नाही, हे मी मान्य करते.

पण दादा, आपण दोघंही ओळखतो तो दुसरा माल तुमच्या पत्रात आलाच नाही. डॉक्टरकडे एमआर न पाठवता कंपनी जो थेट स्टॉकिस्टमार्फत केमिस्टच्या काउंटरवर उतरवते आणि धंद्यात ज्याला नुसतं ‘जेनेरिक’ म्हणतात, तो. त्याच्या स्ट्रिपवर एमआरपी छापलेली असते समजा 100 रुपये. तुम्हाला ती पडते त्याच्या कितीतरी खाली. गिऱ्हाइकाला ‘तुमच्यासाठी 70 ला देतो’ म्हटलं की तो दुवा देत जातो आणि मधला फरक काउंटरच्या आत राहतो. कायद्याने यात काही वावगं नाही, छापील किमतीच्या वर तुम्ही एक पैसा घेतलेला नसतो. जी औषधं बांधलेल्या किमतीच्या यादीत नाहीत त्यांची सुरुवातीची एमआरपी किती छापायची हे कंपनीच्या मर्जीवर असतं, सगळी मेख तिथे आहे. कंपनीच्या दारात गोळी स्वस्त पडते, पण वाचलेला पैसा पेशंटपर्यंत पोचत नाही.

हा प्रकार सरकारला माहीत नाही असं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये कर्करोगाच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांचा लगाम घातला, तेव्हा छापील किमती धाडकन उतरल्या. तोच लगाम सगळ्या औषधांना लावायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. चर्चेला एक्सपायरी डेट नसते.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगते, कारण ती लोकांना ठाऊक नसते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर केमिस्टला त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीची गोळी देता येत नाही, औषध नियमांत तशी मनाई आहे. ‘स्वस्तातली का दिली नाही’ म्हणून केमिस्टवर ओरडण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक नावंच, म्हणजे घटकाची नावं, लिहावीत असा नियम ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं होतं, दर्जाची हमी आधी द्या. म्हणणं चूक नव्हतं. त्यासाठी नियम गुंडाळून ठेवणं मला पटलं नाही.

सरकार किमती बांधतं म्हणतात, मग दर एप्रिलला औषधं महाग कशी होतात? (ठाणे)

कारण बांधलेल्या दोरीला वाढायची मुभा दिलेली आहे.

2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीतल्या औषधांना कमाल किंमत लागते. 2022 च्या सूचीत 384 औषधं आहेत. ही कमाल किंमत दर 1 एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर हलते. 2022 मध्ये 10.77 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के वाढ करायला परवानगी होती, ते तुम्हाला जाणवलं असणार. 2024 मध्ये हाच आकडा 0.00551 टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांच्या गोळ्यांवर एक पैसासुद्धा नाही. 2025 मध्ये 1.74 टक्के. गंमत बघा, ज्या वर्षी वाढ नगण्य होती त्या वर्षीही ‘1 एप्रिलपासून औषधं महागणार’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर नेमाने आला. सूचीबाहेरच्या औषधांना तर निर्देशांकाचंही बंधन नाही. त्यांना बारा महिन्यांत 10 टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, आणि तुमच्या पिशवीतली बरीच औषधं बहुधा याच गटातली आहेत.

पण माझा खरा राग एप्रिलवर नाही. कमाल किंमत मुळात कशी काढतात ते बघा. समजा एका गोळीचे बाजारात तीन ब्रँड चालतात आणि किरकोळ दुकानदाराला ते दहा गोळ्यांमागे 10, 16 आणि 34 रुपयांना पडतात. तिघांपैकी प्रत्येकाचा बाजारातला वाटा एक टक्का किंवा जास्त आहे. त्यांची साधी सरासरी 20 रुपये. त्यावर केमिस्टचे 16 टक्के, झाले 23 रुपये 20 पैसे. ही कमाल किंमत. वर 5 टक्के जीएसटी. 34 वाल्याला खाली यावं लागलं, हे चांगलं झालं. पण 10 रुपयांत गोळी देऊन कुणीतरी नफ्यात धंदा करतोय, हे त्याच कागदावर दिसत असताना आपण सगळ्यांना 20 च्या पट्टीने मोजलं. महागड्या ब्रँडनी आपल्या किमती वर ठेवल्या की सरासरीही वर राहते. ज्यांना ताब्यात ठेवायचं, त्यांच्याच किमतीवरून ताबा ठरतो!

आधी असं नव्हतं. 1995 च्या आदेशात कारखान्याचा खर्च मोजून त्यावर जास्तीत जास्त 100 टक्के धरत. त्या पद्धतीत कंपन्या खर्च फुगवून दाखवतात असा आक्षेप होता, आणि यादीही आटत आटत 74 घटकांवर आली होती. 1979 मध्ये ती 347 ची होती. नवीन पद्धतीत जास्त औषधं आली, पण किमतीचा खर्चाशी संबंध तुटला. मला विचाराल तर यादी आजची ठेवावी आणि हिशेब खर्चाचा ठेवावा. हे म्हटलं की दिल्लीतल्या बैठकींत लोक खिडकीबाहेर बघायला लागतात.

जीएसटीचं विचारलं नाहीत तरी सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला आणि 33 जीवरक्षक औषधांवरचा शून्य. दुकानात जुनी छपाई असलेली स्ट्रिप असेल तरी बिल नव्या दराचं मागा.

सर्दीची गोळी घेतली तर तिच्यात चार औषधं निघाली. एकात एवढी का घालतात? (गिरगाव)

चार औषधांचं मिश्रण केलं की ते ‘नवीन’ होतं, किंमत नियंत्रणाच्या यादीतून निसटतं आणि डॉक्टरला सांगायला एक नवं नाव मिळतं. काही मिश्रणं खरोखर उपयोगी आहेत, क्षयरोगाची आहेत तशी. पण उगाच घातलेल्या मसाल्यांचीही कमी नाही. 2018 मध्ये सरकारने अशी 328 मिश्रणं बंद केली, ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156. तुमची गोळी त्यांत आहे की नाही हे फार्मासिस्टला विचारा. सर्दीला काय घ्यावं हे मला विचारू नका, मी पीएचडीवाली डॉक्टर आहे.

मी एम.ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तुम्ही पेटंटच्या विरोधात आहात असं मुलाखतीवरून वाटलं. पण पेटंट नसेल तर कंपन्या नवी औषधं शोधतील कशाला? (चर्चगेट)

पेटंटच्या विरोधात मी नाही. पेटंटवर पेटंट चढवत नेण्याच्या विरोधात आहे. हा फरक परीक्षेत लिहिलास तर मार्क मिळतील.

संशोधनाला पैसा लागतो, दहा प्रयोगांतला एक यशस्वी होतो, आणि यश आल्यावर दुसऱ्याने नक्कल केली तर पहिला कशाला मरेल? हे बरोबर आहे. म्हणून वीस वर्षांची मक्तेदारी. आपण 1970 च्या कायद्याने औषधांवरचं उत्पादनाचं पेटंट काढून टाकलं होतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. तो कायदा 1972 मध्ये अमलात आला आणि त्यामुळे इथल्या कंपन्या दुसऱ्या रीतीने तीच औषधं बनवायला शिकल्या. मुंबई सेंट्रलच्या सिप्लाने 2001 मध्ये एड्सच्या तीन औषधांचं मिश्रण वर्षाला माणशी 350 डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत, द्यायची तयारी दाखवली. तोवर त्याच उपचाराला वर्षाला 10,000 डॉलरच्या वर लागत होते. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या उपचाराचा रस्ता त्यातून मोकळा झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून उत्पादनाचं पेटंट आपल्याकडे परत आलं.

परत येताना मात्र आपल्या संसदेने कलम 3(ड) घातलं. जुन्याच औषधाचा नवा क्षार (सॉल्ट), नवं रूप काढलं आणि त्याने उपचारात खरी भर पडत नसेल तर नवं पेटंट नाही. ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीचा दावा याच कलमावर 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

तू चर्चगेटला शिकतेस तर कधीतरी अँटॉप हिलच्या पोस्टाजवळ बौद्धिक संपदा भवन आहे ते बाहेरून बघून ये. रुक्ष सरकारी इमारत आहे, बघण्यासारखं काही नाही. पण तिथल्या दोन निर्णयांनी जगभरच्या औषध कंपन्यांची झोप उडवली. मार्च 2012 मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय ते बनवायची परवानगी, मिळाला. पेटंट असलेल्या बायर कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे 2,80,000 रुपये पडत, नॅटकोला 9,000 च्या आत विकायचं बंधन घातलं, आणि बायरला विक्रीवर रॉयल्टी ठरवून दिली, आधी 6 टक्के, अपिलात 7. एवढा गाजावाजा झालेला हा आपल्या देशातला एकुलता एक सक्तीचा परवाना आहे. ज्यांना वाटतं भारत पेटंट पायदळी तुडवतो, त्यांना हा आकडा सांग.

दुसरा निर्णय मला जास्त जवळचा. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं औषध. त्याचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षांसाठी अर्ज केला. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन होती. क्षयाच्या उपचारांतल्या इंजेक्शनांनी तिचं ऐकणं गेलं होतं. तिच्यासोबत दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, तिचीही तीच गत झालेली. बेडाक्विलिन मिळालं तर ती कान खाणारी इंजेक्शनं टळतात, म्हणून त्या भांडल्या. मार्च 2023 मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि जुलैनंतर भारतीय कंपन्यांना ते औषध बनवायची वाट मोकळी झाली. किंमत ठरवणाऱ्या टेबलाशी पेशंट बसल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वकिलांनी मांडणी केली, पण तिथे हरकत घेणाऱ्या म्हणून पेशंटची नावं होती.

आणि तुझा मूळ प्रश्न, शोधणार कोण? या औषधाच्या चाचण्यांत सरकारी आणि धर्मादाय पैसा भरपूर ओतलेला होता. लोकांनी पहिल्यांदा करातून पैसे द्यायचे आणि दुसऱ्यांदा दुकानात, या व्यवस्थेला मी ‘प्रोत्साहन’ म्हणणार नाही.

माझे सासरे पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात होते. बेड फुकट, डॉक्टर चांगले, पण रोज एक चिठ्ठी हातात, ‘हे बाहेरून आणा’. गेटसमोरच्या दुकानात जाऊन जाऊन दागिना मोडावा लागला. पालिकेकडे पैसा नाही असं नाही, मग का? (भांडुप)

ताई, तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, रागावू नका. देशाच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. 2013-14 मध्ये हा वाटा 64.2 टक्के होता, म्हणजे कमी झालाय. पण त्या 39.4 मध्ये तुमचा दागिना आहे आणि तो आकड्यात दिसत नाही.

बहुतेक वेळा गोष्ट पैशाच्या कमतरतेची नसते, खरेदीच्या रीतीची असते. टेंडर उशिरा निघतं, सगळ्यात कमी दराचा पुरवठादार निवडला जातो, त्याचं बिल महिनोन्‌महिने थकतं, तो पुरवठा आवळतो. पुढच्या टेंडरला तोच पुरवठादार थकबाकीची जोखीम धरून दर वाढवतो. मधल्या काळात वॉर्डातल्या सिस्टरकडे कपाट रिकामं आणि चिठ्ठ्यांचं पॅड भरलेलं. राज्याने 2017 मध्ये खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिली, तिथेही खोळंबा झाला, मग 2023 मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं. पाटी बदलली की माल येतो असं नाही.

तामिळनाडूत नव्वदीच्या दशकापासून हे वेगळं चालतं. तिथल्या महामंडळाने जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं उभी केली. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला पासबुक असतं, बँकेसारखंच. वर्षाला किती रुपयांची औषधं उचलायची ते त्यात लिहिलेलं, आणि उचलली की वजा होतात. दरकरार महामंडळाचा, मागणी रुग्णालयाची. मालाचे नमुने तपासले गेल्याशिवाय तो गोदामाबाहेर पडत नाही. यात कुठेही रॉकेटविज्ञान नाही. वेळेवर बिल चुकतं झालं की पुरवठादार कमी दर देतो, कारण त्यालाही व्याज भरायचं असतं.

आपल्याकडे करता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. परळच्याच टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने 23 रुग्णालयांची मागणी एकत्र करून 40 औषधांसाठी कंपन्यांशी एकदाच बोलणी केली. छापील नव्हे, रुग्णालयं आधी मोजत होती त्या किमतींच्या तुलनेत 82 टक्के वाचले, म्हणजे सुमारे 1,320 कोटी रुपये. मी मथळ्यात विचारलं आहे ना, घासाघीस का होत नाही? होते. पण तेवीस जणांनी मिळून केली तर. गेटसमोरच्या दुकानात एकट्या सुनेने, घाईत, चिठ्ठी हातात धरून केली तर नाही होत.

तुमच्यासारखी वेळ पुन्हा कुणावर आली तर रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकांना आधी भेटा, दागिना नंतर. त्यांच्याकडे ट्रस्टची यादी असते आणि ते तिथे पत्र देतात. खाजगी धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायचं बंधन आहे. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेत ते ठरलेलं आहे. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं, तेही भरती होतानाच.

माणसाच्या एका वर्षाची किंमत तुम्ही रुपयांत काढता म्हणे. हे निर्दय नाही का? (विलेपार्ले)

निर्दय वाटतं खरं. ब्रिटनमध्ये 1999 पासून एक सरकारी संस्था प्रत्येक नव्या औषधाला विचारते की याने चांगल्या तब्येतीचं एक वर्ष वाढवायला किती पौंड लागतात, आणि फार लागत असतील तर ‘किंमत उतरवा’ म्हणून सांगते. कंपन्या पुष्कळदा उतरवतातही. आपल्याकडे असं मूल्यमापन करणारी व्यवस्था 2017 मध्ये सुरू झाली, अजून तिला दात कमी आहेत.

पण न मोजण्यात दया आहे असं कुणी सांगितलं? पैसा तेवढाच आहे. एका पेशंटच्या पन्नास लाखांच्या इंजेक्शनला हो म्हटलं की त्याच पैशातून होणाऱ्या कितीतरी बाळंतपणांना किंवा क्षयाच्या उपचारांना कुणीतरी गुपचूप नाही म्हटलेलं असतं. त्या ‘नाही’वर कुणाची सही नसते. मला सही असलेला कागद आवडतो. त्यावर भांडता तरी येतं.

माझी साखरेची एक गोळी, एम्पाग्लिफ्लोझिन, साठ रुपयांना एक मिळायची. आता शेजाऱ्याला तोच घटक सहा-सात रुपयांत मिळतो. मग इतकी वर्षं आमचे पैसे गेले कुठे? (बोरिवली)

पेटंटच्या भाड्यात गेले. त्या औषधाचं पेटंट भारतात 11 मार्च 2025 ला संपलं आणि काही दिवसांतच बाजारात ढिगाने ब्रँड उतरले, काहींची किंमत साडेपाच रुपयांपासून सुरू. गोळीतला घटक 10 मार्चला होता तोच 12 मार्चला होता. कारखान्याचा खर्च त्या दोन दिवसांत उतरला नाही. फक्त मक्तेदारी संपली. काही जण म्हणतील हा नव्या शोधाचा मोबदला होता, आणि थोडा होताही.

तुमच्या पत्रावरून दिसतंय की तुम्ही अजून जुनाच ब्रँड घेताय. चिठ्ठी जुनी आहे आणि केमिस्टला ती बदलायचा हक्क नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच म्हणा की पेटंट संपलंय, आता दुसरं काही लिहून देता का. आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, 10 की 25, ते दुकानातून निघायच्या आधी स्ट्रिपवर बघून घ्या.